अठ्ठ्याहत्तर मिनिटं

28 फेब्रुवारी 2024. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकी कंपनी संगणकांची राखण करणाऱ्या ‘फाल्कन’ची 7.11 ही आवृत्ती काढते. हल्ले ओळखण्याच्या एका नव्या नमुन्यात रकाने 21. प्रत्यक्षात माहिती पुरवली जाते 20 रकान्यांची.

5 मार्च. चाचणी. एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण, म्हणून तो वाचायची वेळच येत नाही. चाचणी पास.

8 ते 24 एप्रिल. त्याच नमुन्यावरची आणखी तीन अद्यतनं. काहीच बिघडत नाही. भरवसा इथे बसला, आणि माझ्या मते घातही इथेच झाला.

19 जुलै, शुक्रवार, पहाटे तीननंतर (सगळ्या वेळा भारतीय). मायक्रोसॉफ्टच्या मध्य अमेरिकेतल्या केंद्रात निराळाच बिघाड. पुढे कित्येक तास लोक हा बिघाड आणि फाल्कनचा गोंधळ यांची गल्लत करणार आहेत.

सकाळ, वर्धा जिल्हा. कपाशी वर आलेली, डवरणीचे दिवस. नवं वाण आलं की इथला जाणता शेतकरी आधी एकरभर लावून पाहतो. सगळं वावर पणाला लावत नाही.

9:39. फाल्कनच्या त्याच नमुन्यावरचं नवं अद्यतन, फाइल 291, जगभर एकदमच सुटते. आधी थोड्या यंत्रांवर, मग बाकीच्यांवर, असा टप्पाच नाही. या खेपेला एकविसाव्या रकान्यात खरी अट आहे. यंत्र ती वाचायला जातं, तिथे काही नसतं. विंडोज कोसळतं. निळा पडदा. पुन्हा सुरू केलं, पुन्हा निळा.

10:57. फाइल मागे घेतली. 78 मिनिटं झाली. पण पडलेलं यंत्र चालूच होत नसेल, तर दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचणार कशी? एकेका संगणकापुढे माणूस बसवायचा, सेफ मोडमध्ये जायचं, ती एक फाइल पुसायची. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी 48 आकडी किल्ली शोधायची.

दुपार. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट अडचणीत. मुंबई-दिल्लीत अकासाचं चेक-इन हाताने. इंडिगोचे बोर्डिंग पास बॉलपेनने लिहिलेले: नाव, आसन, गेट. त्यांचे फोटो मोबाइलवर फिरले, लोक हसले. मला मात्र काउंटरवर लिहीत बसलेल्यांचं कौतुक वाटतं. त्या दिवशी विमानं त्यांनी उडवली.

वर्धेकराला विमानासाठी पाऊणशे किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं. रेल्वे दारात. विमानतळांबाहेर झळ कमी होती. सरकारी कार्यालयांना संगणक-सेवा देणाऱ्या एनआयसीचं जाळं शाबूत असल्याचं केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या माहितीप्रमाणे 10 बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला.

3:15 च्या सुमारास. क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ यांचं निवेदन: हा सायबर हल्ला नाही. साडेपाच तास उलटून गेले आहेत.

रात्रीपर्यंत इंडिगोची जवळपास 200 उड्डाणं रद्द.

20 जुलै, पहाटे 3. विमान कंपन्यांच्या यंत्रणा पूर्ववत होऊ लागल्या. मायक्रोसॉफ्टचा अंदाज: 85 लाख संगणक बंद पडले.

25 जुलै. रकाने किती आणि माहिती किती, हे वाचण्याआधी मोजणारी तपासणी फाल्कनमध्ये घातली गेली.