क्रेनिओसेक्रल थेरपी

डोके, पाठीचा कणा आणि माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी यांवर अगदी हलका हात ठेवून दुखणे, ताण आणि मानसिक आघाताचे शरीरावर उरलेले परिणाम कमी करू पाहणारी स्पर्शोपचार पद्धती. ती अमेरिकेतील ऑस्टिओपॅथीतून निघाली. मालिशशी तिची गल्लत होते, पण इथे तेल नसते, रगडणे नसते आणि हाडे मोडल्याचा कडकड आवाजही नसतो. हाताचा दाब साधारण ५ ग्रॅमचा असावा असे शिकवतात. अमेरिकेतील पाच सेंटच्या नाण्याचे वजन तेवढेच असते.

कल्पनेचा उगम विल्यम गार्नर सदरलंड (१८७३–१९५४) यांच्याकडे जातो. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे काढलेल्या ऑस्टिओपॅथीच्या शाळेत ते शिकत होते. तिथे सुट्या केलेल्या कवटीतील कानशिलाच्या हाडाची तासल्यासारखी उतरती कड पाहून त्यांना माशाचे कल्ले आठवले आणि ही हाडे हालचालीसाठीच घडलेली असावीत असे वाटले. पुढे कित्येक वर्षे त्यांनी पट्टे, शिरस्त्राण, लाकडी वाडगे असे काहीबाही डोक्याला आवळून स्वतःवरच प्रयोग केले. ‘द क्रेनियल बोल’ ही त्यांची पुस्तिका १९३९ मध्ये निघाली. समव्यावसायिकांनी बराच काळ तिच्याकडे काणाडोळा केला.

पद्धतीला आजचे नाव व रूप दिले जॉन अपलेजर (१९३२–२०१२) यांनी. मानेच्या एका शस्त्रक्रियेत मज्जारज्जूभोवतीचे आवरण स्थिर धरून ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते आवरण श्वासाशी किंवा नाडीशी न जुळणाऱ्या लयीत वरखाली होते आणि काही केल्या स्थिर राहत नाही, असे त्यांना दिसले. १९७५ ते १९८३ या काळात मिशिगन स्टेट विद्यापीठात त्यांनी या विषयावर काम केले. १९८३ मध्ये जॉन व्रेडेव्हूग्ड यांच्यासह पाठ्यपुस्तक लिहिले आणि १९८५ मध्ये फ्लोरिडात स्वतःची संस्था काढली. त्यांनी हे शिक्षण डॉक्टरांपुरते न ठेवता मालिश करणाऱ्यांना आणि फिजिओथेरपिस्टनाही खुले केले. पद्धत जगभर पसरली ती मुख्यतः त्यामुळे. जुन्या ऑस्टिओपॅथना ते रुचले नाही, हेही खरे.

उपचार तासाभराचा असतो. रुग्ण अंगावरच्या कपड्यांनिशी उताणा पडतो. उपचारक पायांपासून सुरुवात करून ठिकठिकाणी हात ठेवतो आणि मिनिटाला ६ ते १२ वेळा येणारी एक मंद लय ‘ऐकतो’. मग एक तळवा त्रिकास्थीखाली सरकवला जातो, किंवा दोन्ही हातांची ओंजळ करून तीत डोक्याची मागची बाजू तोलली जाते. ही लय क्षणभर थांबली की शरीर स्वतःला सावरून घेते, असा दावा आहे. घरी हाच परिणाम साधण्यासाठी दोन चेंडू मोज्यात शेजारी शेजारी बांधून डोक्याखाली घ्यायची युक्ती अपलेजर सांगत. बाहेरून पाहणाऱ्याला तासभर काहीच घडत नाही असे वाटते, आणि पडलेला माणूस बहुधा झोपी जातो.

आघातावरील उपचार हा अपलेजर यांनी जोडलेला भाग. जुन्या अपघाताचा किंवा भीतीचा ताण ऊतींमध्ये गाठीसारखा अडकून राहतो आणि स्पर्शाने तो मोकळा होताना रडू येते, आठवणी वर येतात, अशी मांडणी त्यांनी केली. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवरही त्यांच्या संस्थेने हे उपचार केले. इथे मात्र हाताचे शिक्षण पुरत नाही. उफाळून आलेली भीती सांभाळायला मानसोपचाराची तयारी लागते, आणि ती प्रत्येक उपचारकाकडे असतेच असे नाही.

सिद्धान्ताची बाजू लंगडी आहे. मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव खरोखर हलतो, पण हृदयाच्या ठोक्यांनी आणि श्वासाने. तान्ह्या बाळाची टाळू हाताला मऊ लागते, म्हणून आपल्याकडे ती तेलाने भरतात; मोठेपणी मात्र कवटीच्या शिवणी एकमेकींत घट्ट गुंततात. ज्या सांध्याला सदरलंड बिजागरी मानत, तो कवटीच्या तळाचा सांधा तर विशीच्या आसपास हाडच होऊन जातो. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे एकाच रुग्णाची लय दोन उपचारकांनी मोजली तर आकडे जुळत नाहीत.

म्हणून बरे वाटलेच नाही असे होत नाही. जर्मनीत मानेचे जुनाट दुखणे असलेल्या ५४ जणांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराने नुसत्या हलक्या स्पर्शापेक्षा जास्त आराम पडल्याचे आढळले. मात्र अशा चाचणीत उपचारकाला आपण काय करतो आहोत हे ठाऊक असतेच. नंतरच्या काही एकत्रित आढाव्यांचा कौल प्रतिकूल आहे. निवांत जागा, घाई नसलेला माणूस आणि तासभराचा सौम्य स्पर्श यांचे श्रेय किती आणि लयीचे किती, हे वेगळे काढणे कठीण.

मेंदूत रक्तस्राव, धमनीचा फुगवटा, डोक्याला ताजी इजा किंवा कवटीतील दाब वाढलेला असेल तर हा उपचार करू नये, असे खुद्द उपचारकच सांगतात. बाळांच्या बाबतीत अधिक जपावे लागते: मान व कणा जोराने वाकवल्यानंतर तीन महिन्यांचे बाळ दगावल्याची नोंद नेदरलँड्सच्या वैद्यकीय नियतकालिकात २००९ मध्ये आली. तो प्रकार याच नावाखाली झाला होता, जरी हलक्या हाताच्या मूळ पद्धतीत तसे वाकवणे बसत नाही.

भारतात ही स्वतंत्र वैद्यकशाखा म्हणून मान्य नाही. महाराष्ट्रात तिची ओळख झाली ती बरीचशी पुण्यात, कोरेगाव पार्कमधील ओशो आश्रमात येणाऱ्या परदेशी उपचारकांमार्फत. तिथे तिचे प्रशिक्षणवर्गही झाले आहेत.