विषमिश्रणांची परस्परक्रिया
दोन रसायनांचा एकत्रित परिणाम अपेक्षेहून वेगळा आहे काय, हे ठरविण्याची सांख्यिकीय पद्धती. झीगफ्रीट लोव्हे व एच्. मुइशनेक यांनी १९२६ मध्ये समान परिणाम घडविणाऱ्या मात्रांच्या जोड्यांची आलेखरेषा वापरली : ती सरळ असल्यास परस्परक्रिया नाही, आदिबिंदूकडे झुकल्यास परिणामवर्धन. चेस्टर ब्लिस यांनी १९३९ मध्ये स्वतंत्र क्रियेचे गणित मांडले. त्यानुसार प्रत्येकी निम्मे कीटक मारणारी, परस्परांशी असंबद्ध अशी दोन विषे मिळून पाऊण हिस्सा मारतील. दोन्ही गृहीतकांची उत्तरे नेहमी जुळत नाहीत. म्हणून गृहीतक न सांगता केलेला परिणामवर्धनाचा दावा व्यर्थच होय. २००२ मध्ये सिल्व्हा, राजपक्षे व कोर्टेनकाम्प यांनी स्त्रीमदजनासम आठ रसायने, प्रत्येकी परिणामहीन मात्रेत, एकत्र केली. यीस्ट-परीक्षेत स्पष्ट परिणाम दिसला. त्यासाठी परस्परक्रिया लागली नाही. मात्रांची बेरीजच पुरली.