शिल्लक कोणाची?

एकोणिसाव्या शतकातील सामाजिक सुधारणेचा इतिहास आपण सभा, ठराव आणि वृत्तपत्रांतील वाद यांच्या आधारे शिकवतो. घरोघरच्या जमाखर्चाच्या वहीकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. नव्या वाटेने निघालेल्या जोडप्याने आधी गाठीला काय बांधले होते, आणि ते नेमके कोणाचे होते, हा प्रश्न आम्हांस त्या काळची आत्मचरित्रे वाचताना वारंवार पडतो.

एकत्र कुटुंबात बचत ही नवराबायकोची स्वतंत्र कृती नव्हती. लग्न, बाळंतपण, आजारपण यांची तरतूद कणगीतले धान्य, जमिनीचा तुकडा, बायकांच्या अंगावरचे डाग आणि भाऊबंदांचा आधार यांतून होई. नोकरीपायी गाव सुटले, तसा पगारदारास रोख शिलकीचा विचार करणे भाग पडले. १८७४ मध्ये मुंबईत ‘ओरिएंटल’ ही विमा कंपनी निघाली. १८८२ मध्ये टपाल खात्याने बचत बँक सुरू केली. पासबुक आणि पॉलिसी हे शब्द हळूहळू मराठी घरांत रुळले. पण ज्यांना जातीने वाळीत टाकले, त्यांच्यासाठी ही शिल्लक सोयीपुरती राहिली नाही. भाऊबंदांच्या आधाराची जागा तिलाच घ्यावी लागली.

धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण घेऊ. मुंबईत शाळांतून शिकवून ते १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. १८९३ मध्ये त्यांनी शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, आणि मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गावचे घर अशा रीतीने परके झालेल्या या गृहस्थाने पुढे तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, अनाथ बालिकाश्रम स्थापन करताना आपल्या शिलकीतील एक हजार रुपये त्यात घातले.

चरित्रकार येथे कर्व्यांच्या त्यागाला वंदन करून पुढे जातात. आम्हांस येथे क्षणभर थांबावेसे वाटते. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई, या संसारात काय घेऊन आल्या होत्या? १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह वैध ठरवला खरा. पण त्याच कायद्याने पुनर्विवाहित स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्कही संपवला. स्वतः मिळवावे तर विवाहित स्त्रीच्या श्रमाच्या कमाईवर, त्या काळच्या हिंदू कायद्यानुसार, नवऱ्याचे नियंत्रण चाले. नवऱ्याने बायकोमुलांच्या हितासाठी उतरवलेला विमा त्याच्या सावकारांपासून सुरक्षित ठेवणारी तरतूद १८७४ च्या कायद्यात होती. हिंदूंना ती निःसंदिग्धपणे लागू झाली १९२३ च्या दुरुस्तीने. आपल्या मालमत्तेवर हिंदू स्त्रीची पूर्ण मालकी तर १९५६ मध्ये आली. तेव्हा ते हजार रुपये कायद्याने कर्व्यांचेच होते. परंतु जिच्या पाठीशी ना माहेरची सत्ता, ना पहिल्या सासरचा हक्क, तिची उद्याची सुरक्षितताही त्यांतच होती.

म्हणूनच कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’सोबत (१९१५) आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ (१९४४) वाचावयास हवे. एकाच संसाराचे हे दोन जमाखर्च आहेत. पहिल्यात संस्था केंद्रस्थानी आहे. दुसऱ्यात संस्थेमागे उभे असलेले घर दिसू लागते.

‘स्मृतिचित्रे’ हा याच प्रश्नाचा निराळा पाठ आहे. नारायण वामन टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, हे त्या ग्रंथाच्या वाचकांस सांगणे नलगे. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुढील काही वर्षे लक्ष्मीबाईंना त्यांच्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहावे लागले. एका माणसाच्या निर्णयाने दोघांचे आयुष्य पालटले. तरतूद मात्र आधी झालेली नव्हती. लक्ष्मीबाईंच्या विनोदाला आपण दाद देतो, ती योग्यच. पण तो विनोद रिकाम्या डब्यांच्या शेजारी बसून लिहिलेला आहे, हे विसरू नये.

या थोर पुरुषांना हिशेबाच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. कर्व्यांचे हजार रुपये आश्रमात गेले नसते, तर असंख्य स्त्रियांचे आयुष्य वाया गेले असते. आमचे म्हणणे इतकेच की काटकसर दोघांची आणि निर्णय एकाचा, ही त्या बचतीची रीत होती. आजही लग्नापूर्वी वा घर घेण्यापूर्वी तरुण जोडपी संयुक्त खाते उघडतात, तेव्हा पासबुकावर दोन नावे येतात. ही दोन नावे एका ओळीत यावयास केवढा काळ लागला, हे विद्यार्थ्यांना दाखवावयाचे असेल, तर वर्गात ही पुस्तके शेजारीशेजारी ठेवावीत.