शंभर मीटरच्या आतली घरे

शनिवारवाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. पुढे १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. भोवतालच्या शनिवार व कसबा पेठांतील वस्ती मात्र नांदतीच राहिली. माळव्यात वा गुजरातेत स्थिरावलेल्या कित्येक मराठी घराण्यांच्या आठवणी पुण्याच्या पेठांतील अशाच घरांशी जोडलेल्या आहेत. त्या घरांचे भवितव्य आज एका मोजपट्टीवर ठरते, म्हणून तिचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८ चा. त्याखालील १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरचा पट्टा निषिद्ध ठरला आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित. २०१० च्या दुरुस्तीने ही अंतरे कायद्यातच समाविष्ट झाली आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण अस्तित्वात आले. निषिद्ध पट्ट्यात खासगी मालकाला नवे बांधकाम करता येत नाही. विनापरवाना काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हेतू निःसंशय चांगला. ही मर्यादा नसती तर दिल्ली दरवाजासमोर उंच इमारतींची भिंत उभी राहिली असती. परंतु कायद्याने 'दुरुस्ती' आणि 'पुनर्बांधणी' यांत रेघ ओढली आहे. १९९२ च्या त्या तारखेपूर्वीच्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. मात्र जुन्याच लांबी-रुंदी-उंचीत घर पुन्हा उभारणे ही पुनर्बांधणी ठरते, आणि निषिद्ध पट्ट्यात तिला वाव नाही. दगड-विटांच्या घराला ही रेघ कदाचित मानवेल. पेठेतील वाडा मातीच्या भिंती आणि सागवानी खांब-तुळयांवर उभा असतो. तुळई कुजली की कडीपाट उतरवावा लागतो, भिंत फुगली की ती पाडूनच बांधावी लागते. तेथे दुरुस्ती कोठे संपते आणि पुनर्बांधणी कोठे सुरू होते, हे गवंड्यालाही सांगता येणार नाही. त्यात वारसांचे वाद आणि भाडेकायद्याने गोठलेली भाडी. परिणामी मालक परवानगीच्या खटपटीत पडण्याऐवजी टेकू लावून पावसाळे काढतो. एखाद्या पावसात भिंत खचते आणि जुने घर जाते ते कायमचेच.

दोष जपणुकीच्या कल्पनेत नाही. इंग्लंडने १९६७ च्या कायद्याने एकट्या वास्तूऐवजी संपूर्ण वस्ती जपण्याचा मार्ग धरला. स्टॅमफर्ड हे गाव त्यातले पहिले. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीने इमारतींबरोबर परिसरांचीही नोंद केली आणि श्रेणीनुसार बदलांची मुभा कमी-अधिक ठेवली. या दोन्ही ठिकाणी घर हा स्वतःच वारसा मानला गेला. शंभर मीटरच्या नियमात मात्र ते केवळ स्मारकाभोवतीचे अंतर आहे.

जुन्याच मापात, जुन्याच पद्धतीने घर उभारू इच्छिणाऱ्याला वाट मिळाली, तर शनिवारवाड्याचे काही बिघडणार नाही. उलट ज्या वस्तीमुळे वाड्याला शेजार लाभला, ती टिकेल. भोवती ओसाड पडलेली जोतीच उरली, तर तटाने राखायचे तरी काय?