रुपया दंड

आमच्या घराण्यात शिक्षणावर झालेला पहिला खर्च म्हणजे दंड. पणजोबांनी भरलेला एक रुपया. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि जो बाप पोराला शाळेत धाडणार नाही त्याला महिन्याला रुपयाचा दंड ठेवला. भुदरगडच्या डोंगरात आमच्या वाडीपर्यंत हा कायदा कधी चढून आला, यावर आजोबा आणि धाकटे आजोबा शेवटपर्यंत भांडले. एकाचं म्हणणं, महाराज होते तेव्हाच. दुसऱ्याचं म्हणणं, महाराज गेल्यावर, म्हणजे १९२२ नंतर. रुपयाबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं, कारण तो घरातल्या पत्र्याच्या डब्यातून निघताना आजोबांनी स्वतः बघितला होता.

आजोबा तेव्हा शेरडं राखत. शाळा खालच्या गावात, देवळाच्या ओवरीत. पाटलाचा माणूस वर आला, पोराचं नाव घेऊन गेला. पुढच्या महिन्यात दंड आला. पणजोबांनी भरला आणि पोराला पुन्हा शेरडांमागं पाठवलं. दुसऱ्या महिन्यात परत दंड म्हटल्यावर मात्र ते उंबऱ्यावर बसून हिशेब करायला लागले. रुपया म्हणजे चार दिवसांची मजुरी, आणि पोराची राखण काही रुपयाची होत नाही. "शिकावं म्हणून न्हाई, परवडंना म्हणून साळंत घातलं मला," असं आजोबा सांगत आणि खो खो हसत. शेरडं मग धाकट्याच्या गळ्यात पडली. दोघांच्या भांडणाचं मूळ तारखेत नसून तिथंच असावं, असं मला वाटतं.

ही गोष्ट लहानपणी मी गंमत म्हणून ऐकली. पुढं गोखल्यांच्या विधेयकाबद्दल वाचलं तेव्हा तिचं वजन कळलं. गोपाळ कृष्ण गोखले शिकले आमच्याच बाजूला, कागलात आणि मग कोल्हापुरात. १९११ साली त्यांनी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. अगदी सावध, हळूहळू लागू करायचं. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. सरकारची एक हरकत पैशाची होती. दुसरी अशी की लोकांकडूनच याची मागणी नाही. आणि खोटं कशाला बोला, आमच्या पणजोबांना विचारलं असतं तर त्यांनीही सरकारच्याच बाजूनं मान हलवली असती. शाहू महाराजांनी मागणीची वाट बघितली नाही. पाच वर्षांत कायदा केला, आणि मागणी नसलेल्या माणसाकडून रुपया वसूल केला.

पैशाच्या हरकतीला तर महात्मा फुल्यांनी त्याच्याही आधी, १८८२ साली, हंटर आयोगापुढं उत्तर देऊन ठेवलं होतं. इंग्रजी मुलखात शेतकऱ्याकडून शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंडाचा उपकर घेत, आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. फुल्यांचं म्हणणं सरळ होतं: पैसा कष्टकऱ्यांचा आणि शिकतात वरच्या थरातली पोरं. खेड्यातली शाळा ही सरकारची मेहेरबानी कधीच नव्हती. तिचे पैसे आगाऊ भरलेले होते.

आमच्या वाडीनं तर ते दोनदा भरले, आधी दंडानं आणि मग अंगमेहनतीनं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, शाळा स्कूल बोर्डाकडं गेली. १९६२ च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा आल्या तेव्हा जिल्हा परिषदेकडं. वाडीला स्वतःची शाळा मिळाली ती त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात, आणि ती कशी मिळाली हे थोरल्या आत्यांकडून ऐकावं. त्या व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या, शेजारच्या गावात मास्तरीण. सरकारनं वर्ग मंजूर केला, खोली केली नाही. मग बायकांनी ओढ्यातले दगड डोक्यावरून आणले, बाप्यांनी भिंती घातल्या, कौलं गारगोटीहून बैलगाडीनं आली. वर चढताना अर्धी फुटली, ती उतरवून घेताना गाडीवानाशी झालेलं भांडण आत्या अगदी आवाज बदलून सांगत. जागा दिली चव्हाट्याजवळच्या एका शेतकऱ्यानं. दोन गुंठे, तोंडी. कागद पुढं कितीतरी वर्षांनी झाला.

"मागायला कोन गेलं होतं?" मी एकदा विचारलं.

"मागायला कशाला जायला पायजे? आमी बांधून ठेवली, मग त्यांनी मास्तर धाडला. बांधलेल्या साळंला मास्तर द्यावाच लागतोय."

आत्यांना हे वाक्य कायद्याइतकं पक्कं वाटे. पुढं कायदा खरोखरच आला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत, साठ पोरांपर्यंत किमान दोन शिक्षक, आणि शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक. पण मास्तर द्यायचा तो कसला, हा प्रश्न तोवर बदललेला होता. २००० सालापासून राज्यात शिक्षणसेवक नेमायला लागले. काम पूर्ण शिक्षकाचं, पहिली तीन वर्षं फक्त मानधनावर. हे मानधन ६,००० वरून १६,००० व्हायला २०२३ उजाडलं. शाळेवरचा मोठा खर्च पगाराचा असतो, त्यामुळं काटकसर कुठूनही सुरू झाली तरी शेवटी खुर्चीवरच्या माणसापाशी येते.

२०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरलं. पटाचा आकडा मग वीसवर गेला. २०२३ साली समूह शाळांची, म्हणजे लहान शाळा एका मोठ्या शाळेत आणायची, योजना आली, नमुन्याला पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ. त्या वेळी सरकारी कागदावरचे आकडे असे होते: वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शिक्षकामागं सहाच पोरं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला शिक्षक किती हे ठरवायच्या, निर्णयानं तर सहावी ते आठवीच्या वर्गांत वीस पोरं नसतील तिथं शिक्षकाचं पदच राहणार नाही अशी वेळ आली.

सहाला एक हा भागाकार बरोबर आहे. कमी पटाच्या शाळेत सगळं गोमटं असतं असंही कुणी सांगू नये. दोन पोरांची दुसरी आणि तीन पोरांची चौथी एकाच फळ्यावर शिकवणं किती जड जातं, हे आत्यांनीच मला सांगितलंय. पट पडला तो काही मंत्रालयात पडला नाही. तरुण जोडपी पुण्या-मुंबईला गेली, घरात एक-दोनच लेकरं उरली, आणि ज्यांना परवडलं त्यांनी पोरं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसवली. आमच्या भावकीतली निम्मी पोरं त्याच गाडीत होती. पण ज्यांना पिवळी गाडी परवडत नाही तीच पोरं मागं राहिली, आणि नेमका त्यांच्याच शाळेचा खर्च जड वाटायला लागला, हा योगायोग मला काही पटत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची, भाम धरणामुळं विस्थापित झालेली माणसं आपल्या पोरांना आणि बकऱ्यांना घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेकडं चालत निघाली. शाळा बंद करत असाल तर दप्तरं घ्या आणि बकऱ्या द्या, एवढीच मागणी. वर्तमानपत्रातला तो फोटो बघून मला आधी हसू आलं, कारण पणजोबा आठवले. बकऱ्यांमागचं पोर शाळेत यावं म्हणून एका राजानं रुपया दंड घेतला होता. आता पोरं शाळेतच आहेत आणि त्यांचे आईबाप सरकारला विचारतायत, परत बकऱ्यांमागं धाडू का? दंड कुणी भरायचा, हे मात्र आजच्या कुठल्याच कायद्यात नाही.

आमच्या वाडीतही शाळा जाईल याच धास्तीनं बैठक बोलावली होती. पट अकरा. समूह शाळा झाली तर ती खालच्या मोठ्या गावात, चार किलोमीटरवर. मधे ओढा, आणि वाट राधानगरीच्या अंगाच्या जंगलातून. बैठकीला आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी वाहनाची सोय होईल म्हणून सांगितलं.

"जून ते सप्टेंबर गाडी चढंल का वर?" समितीच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं. तिशीतली बाई, त्यांचं पोर तिसरीत. "मी त्याच वाटंनं हायस्कूलला गेल्तो. गवा आडवा आला की झाडावर चढून बसायचो आमी. आटवीत साळा सुटली ती त्याच पायी. आता पयलीतलं पोरगं चढंल व्हय झाडावर?"

साहेब भला माणूस. "बाई, वरून आदेश आला नाहीये अजून, फक्त माहिती मागवलीय," म्हणाले. मागं बसलेल्या एकानं विचारलं, शाळा हलली तर दोन गुंठ्यांचं काय? जागा देणाऱ्याचाच तो नातू. "आज्ज्यानं साळंला दिल्ती, गोडावनला न्हाई." यावर साहेबांपाशी परिपत्रक नव्हतं.

ठराव झाला. शाळा आहे तिथंच राहावी, दोन शिक्षक द्यावेत, कायद्यातलं अंतर पाळावं. लिहिला अध्यक्षीणबाईंनीच, सुवाच्य अक्षरात, आणि साहेबांनी सुचवलेलं 'विनम्र विनंती' खोडून 'मागणी' केलं. मला ती खाडाखोड फार आवडली. गोखल्यांच्या वेळी सरकारला सापडत नव्हती ती मागणी अशी शाईनं लिहून तयार होती.

पण ठरावानं संचमान्यता होत नाही, ती पटानं होते, आणि पट धरतात ३० सप्टेंबरचा. हे सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणून सह्या झाल्यावर खरी बैठक सुरू झाली. पिवळ्या गाडीतली कुठली पोरं परत आणता येतील? एकीनं लगेच सांगितलं, माझी दोन्ही आणतो, फी थकलीच हाय, पण ती शाळा दाखला अडवून धरंल. गुरुजी म्हणाले, दाखला नाही म्हणून आपण प्रवेश नाकारू शकत नाही, पोरं सोमवारी बसवा, कागद मी बघतो. आधारवर एकाचं आडनाव चुकलंय, ते आधी दुरुस्त करा, नाहीतर पटावर धरणार नाहीत. पुण्याला गेलेल्या एका जोडप्याचं पोर आजीकडं ठेवता येतंय का, म्हणून तिथल्या तिथं फोन लागला. पलीकडून सून आधी नाही म्हणाली, मग पंधरा मिनिटांनी तिचाच उलटा फोन आला: इंग्रजी शिकवणारा मास्तर देणार असाल तर बोला.

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी साहेबांकडं बघितलं.