गेल्या महिन्याची गोळी

चिवडा आमच्या घरी आला तेव्हा त्याच्या कागदांवर 'हार्टवर्म : निगेटिव्ह' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. लुइझियानात रस्त्यावर सापडलेलं, दीडेक वर्षाचं, शेपटीला पांढरं टोक असलेलं हे कुत्रं एका व्हॅनमधून इतर बऱ्याच कुत्र्यांबरोबर न्यू जर्सीला आलं. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्याला हार्टवर्मची प्रतिबंधक गोळी द्यायचो. एकही तारीख चुकवली नाही, फोनवर रिमाइंडरच लावला होता. तरी सात महिन्यांनी नेहमीच्या तपासणीत तीच टेस्ट पॉझिटिव्ह आली.

"आधी तर निगेटिव्ह होती," मी डॉक्टरबाईंना म्हटलं.

"दोन्ही टेस्ट बरोबर आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. दोन लॉग एकमेकांच्या विरुद्ध बोलतात आणि दोन्ही खरे आहेत, असं कुणी सांगितलं की मला झोप लागत नाही. त्या रात्री वाचायला बसलो. चिवड्याच्या आजाराबद्दल वाचता वाचता मी थेट नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या घरात, आजीच्या खाटेपाशी जाऊन पोचेन, असं मात्र वाटलं नव्हतं.

*

हार्टवर्म म्हणजे हृदयकृमी. शेवयांसारखे लांब, पांढरे जंत. मादी 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते. कुत्र्याच्या हृदयाकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत हे जंत राहतात आणि पाच ते सात वर्षं जगतात. 1856 मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ लायडी यांनी त्यांचं वर्णन करून नाव ठेवलं. आज ते 'डायरोफिलारिया इमिटिस' म्हणून ओळखले जातात. लॅटिनमध्ये 'इमिटिस' म्हणजे निर्दय.

ते कुत्र्यात शिरतात डासावाटे. डास चावला की बारीक अळ्या कातडीखाली उतरतात, तिथे कात टाकतात, वाढतात आणि तीनेक महिन्यांत धमन्यांपर्यंत पोचतात. पूर्ण वाढ व्हायला सहा-सात महिने लागतात. टेस्ट पकडते ती प्रौढ मादीच्या अंगातून येणारं प्रथिन. म्हणजे डास चावल्यापासून जवळजवळ अर्धं वर्ष कुत्र्यात जंत असतात, पण टेस्टला ते दिसत नाहीत. चिवड्याला तो डास लुइझियानातच चावला होता.

मग माझ्या गोळ्यांचं काय झालं? इथे मला दुसरी गोष्ट कळली. मला वाटायचं, गोळी महिनाभर अंगात राहून पहारा देते. तसं नाही. औषध थोड्या दिवसांत अंगातून निघून जातं. आज दिलेली गोळी गेल्या महिन्याभरात शिरलेल्या कोवळ्या अळ्या मारते. ती पुढचं राखत नाही, मागचं साफ करते. चिवडा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्यातल्या अळ्या तीन-चार महिन्यांच्या झाल्या होत्या, गोळीच्या टप्प्याबाहेर गेल्या होत्या. मी अगदी वेळेवर उशिरा पोचलो होतो.

*

डास आणि जंत यांचं नातं माणसाला कळलं त्यात कोलकात्याचाही वाटा आहे. 1872 मध्ये तिथे टिमोथी लुईस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरला माणसाच्या रक्तात वळवळणारी सूक्ष्म पिल्लं दिसली. हा हत्तीरोगाचा जंत, कुत्र्याच्या हृदयकृमीचा चुलतभाऊ. पाच वर्षांनी, 1877 मध्ये, चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने आपल्या माळ्याला डास चावू दिले. माळ्याच्या रक्तात ही पिल्लं होती. मग मॅन्सनने ते डास कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. डासाच्या पोटात गेलेली पिल्लं मरत नव्हती, वाढत होती. एखादा कीटक माणसाच्या रोगाचा जंत वाढवतो, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पुढे मात्र मॅन्सन चुकला. त्याला वाटलं, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो. 1900 च्या सुमाराला हा गोंधळ सुटला आणि डास चावतानाच अळ्या सोडतो हे कळलं. कुत्र्याच्या हृदयकृमीबाबत ते दाखवणारे संशोधक इटलीचे होते.

रोग कसा पसरतो ते कळलं, पण औषध नव्हतं. ते यायला दुसरं महायुद्ध उजाडलं. पॅसिफिकच्या बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाच्या जंतांची लागण होऊ लागली आणि औषधाची शोधाशोध सुरू झाली. हे काम झालं न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावात, लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. 1895 मध्ये आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेला, मद्रासला वैद्यक शिकलेला, हार्वर्डमध्ये वर्षानुवर्षं राबूनही तिथे कायमची नोकरी न मिळालेला माणूस. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधामागेही त्यांचं नाव आहे. 1948 मध्ये ते अमेरिकेतच वारले.

त्यांच्या चमूने जे औषध शोधलं ते डायइथिलकार्बामॅझिन, म्हणजेच 'डीईसी'. ते आधी तपासलं गेलं कॉटन रॅट जातीच्या उंदरांवर आणि कुत्र्यांवर. कुठल्या कुत्र्यांवर? ज्यांना निसर्गतःच हृदयकृमी झाला होता अशा. 1947 मध्ये त्याचा निबंध आला.

इथे मी लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ तसाच बसलो. कारण डीईसी हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्याकडे त्याला 'हत्तीपायाच्या गोळ्या' म्हणतात.

*

आजीचा डावा पाय गुडघ्याखाली खांबासारखा सुजलेला होता. ती लग्नाच्या पंगतीत बसायची नाही, लुगड्याचा काठ नेहमी खाली ओढून घ्यायची. विदर्भात नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत असे पाय नवे नाहीत. दरवर्षी आरोग्यवाल्या ताई घरी गोळ्या घेऊन यायच्या. आजी त्या निमूट गिळायची. पण तिचा पाय त्याआधी कित्येक वर्षं सुजलेला होता. गोळी रक्तातली पिल्लं मारते, गावातली पुढची लागण तोडते. सुजलेला पाय मागे नेत नाही. ती दुसऱ्यांसाठी गोळ्या घेत होती, हे मला अमेरिकेत, एका कुत्र्यामुळे कळलं.

आईला फोन केला. "कुत्र्यालाही हत्तीपाय होते का, बाप्पा?" तिने विचारलं. मी म्हटलं, हत्तीपाय नाही, पण जंत त्याच घराण्यातला. मग सहज विचारलं, "तू घेतेस ना गोळ्या?"

"मला काय झालंय?" आई म्हणाली. "ड्रॉवरमध्ये आहेत ठेवलेल्या."

*

मी एडिसनला राहतो. न्यूयॉर्कला जाणाऱ्या लोकलवर तिथून तिसरं स्टेशन राहवे. मराठी डोळ्यांनी वाचलं की पुढे 'ना' लावावासा वाटतो, म्हणून ते नाव माझ्या लक्षात राहिलेलं. चिवड्याच्या गोळीतलं औषध, आयव्हरमेक्टिन, याच गावात जन्मलं. वर्षभर मी त्याच्या समोरून कानात इअरफोन घालून जात होतो.

त्याची सुरुवात मात्र जपानमधली. टोकियोच्या किटासाटो इन्स्टिट्यूटमधले सातोशी ओमुरा खिशात कायम प्लॅस्टिकच्या पिशव्या बाळगायचे आणि जिथे जातील तिथली चिमूटभर माती गोळा करायचे. मातीतले सूक्ष्मजीव औषधं बनवतात, हे स्ट्रेप्टोमायसिनपासून ठाऊक होतं. 1974 मध्ये कावाना इथल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून त्यांना एक नवा जिवाणू मिळाला. करारानुसार तो राहवेला मर्क कंपनीकडे गेला. तिथे विल्यम कॅम्बेल हे आयरिश परजीवीतज्ज्ञ होते. जंत झालेल्या उंदरांच्या खाण्यात या जिवाणूचा अर्क मिसळला आणि उंदीर जंतमुक्त झाले. त्यातल्या द्रव्यात थोडा रासायनिक बदल करून आयव्हरमेक्टिन तयार झालं. 1981 मध्ये ते गुराढोरांसाठी बाजारात आलं.

ते काम कसं करतं, हे मला फार आवडलं. जंताच्या चेतापेशींवर अशी दारं असतात जी आपल्याकडे आणि कुत्र्यांकडे नसतात. औषध ती दारं उघडी ठेवतं आणि जंत लुळा पडतो. आपल्या शरीरातही थोडीफार मिळतीजुळती दारं आहेत, पण ती मेंदूत आहेत आणि मेंदूच्या वेशीवर एक पंप औषधाला बाहेर ढकलत राहतो. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांमध्ये हा पंप बनवणाऱ्या जनुकातली चार अक्षरं गळलेली असतात. त्यांना मोठा डोस दिला तर जीव जाऊ शकतो. चार अक्षरं गळल्याने काय होतं, हे कोड लिहिणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. सुदैवाने हृदयकृमीसाठी लागणारा डोस इतका कमी असतो, किलोमागे 6 मायक्रोग्रॅम, की तो कोलीलाही चालतो.

आता 1987 हे वर्ष बघा. त्या वर्षी अमेरिकेत कुत्र्यांसाठी आयव्हरमेक्टिनच्या महिन्याच्या गोळीला परवानगी मिळाली. तोवर डीईसी द्यायचे, तीही डासांच्या दिवसांत रोज, न चुकता. आणि त्याच वर्षी मर्कने जाहीर केलं की आफ्रिकेतल्या 'रिव्हर ब्लाइंडनेस'साठी, म्हणजे नदीकाठच्या काळ्या माशीमुळे होणाऱ्या आंधळेपणासाठी, हे औषध लागेल तितकं, लागेल तितकी वर्षं फुकट देऊ. ते माणसावर चालेल ही कल्पनाही घोड्यांकडून आली. घोड्याच्या कातडीतल्या तशाच जंताची पिल्लं या औषधाने मरतात, हे कॅम्बेल यांच्या लक्षात आलं होतं. 1981 मध्ये मोहम्मद अझीझ यांनी सेनेगलमध्ये ते माणसांवर पहिल्यांदा तपासलं. 2015 मध्ये ओमुरा आणि कॅम्बेल यांना नोबेल मिळालं.

कोविडच्या काळात हे औषध भलत्याच कारणाने गाजलं. काही जण ते विषाणूवर घेत होते, तिथे त्याचा उपयोग नव्हता. दुसरे 'घोड्याचं औषध' म्हणून हसत होते. हसणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं की कोट्यवधी गरीब माणसं तेच औषध रीतसर घेत आली आहेत.

*

चिवड्याला आता गोळी पुरणार नव्हती. वाढलेले जंत मारायचे तर औषध एकच, मेलार्सोमिन. त्यात आर्सेनिक आहे, म्हणजे आपला सोमल. 1990 च्या दशकापर्यंत याहून जुनं सोमलयुक्त औषध शिरेतून द्यायचे. ते शिरेबाहेर सांडलं तर आजूबाजूचं मांस झडायचं. मेलार्सोमिन कमरेजवळच्या स्नायूत खोल टोचतात.

आधी चार आठवडे डॉक्सिसायक्लिन, कारण या जंतांच्या पोटात व्होल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते मेले की जंत दुबळे होतात. मग महिनाभर थांबणं. मग एक इंजेक्शन. आणखी महिन्याने लागोपाठ दोन दिवस दोन. खरी भीती इंजेक्शनची नसते, मेलेल्या जंतांची असते. त्यांचे तुकडे रक्ताबरोबर फुफ्फुसात जाऊन अडकतात. कुत्रं धावलं, हृदय जोरात चाललं, की ते एकदम अडकू शकतात. म्हणून अनेक महिने पळणं बंद, उड्या बंद, खार दिसली तरी बंद.

मी रोज रात्री झोपलेल्या चिवड्याचे श्वास मोजायचो आणि स्प्रेडशीटमध्ये भरायचो. शेवटच्या इंजेक्शननंतर नवव्या दिवशी तो खोकला. रात्री दोन वाजता त्याला गाडीत घालून इमर्जन्सीत नेलं. मागच्या सीटवर तो माझ्या हाताला नाक लावून पडला होता आणि माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता : लुइझियानात कुणीतरी वेळेवर एक गोळी दिली असती तर? त्यात औषध किती असतं, तर एका ग्रॅमचा सात हजारावा भाग.

तो वाचला. वर्षभराने टेस्ट निगेटिव्ह आली, या वेळी खरीखुरी.

*

2019 च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. देशात सगळ्यात आधी जिथे हे झालं त्या मोजक्या जिल्ह्यांपैकी हा एक. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन. पहिलं हृदयकृमी झालेल्या कुत्र्यांवर तपासलेलं, दुसरं आधी जनावरांसाठी वापरलेलं, तिसरं चिवड्याचं. आयव्हरमेक्टिनचा डोस उंचीवर ठरतो, म्हणून ताई उंची मोजतात आणि गोळ्या समोर गिळायला सांगतात. समोरच का, ते आमच्या ड्रॉवरला विचारा.

मी आईला व्हिडिओ कॉलवर चिवड्याचा एक्स-रे दाखवला. गोळी मागचं साफ करते, पुढचं नाही, हे सांगितलं. तुला काही झालेलं नसतानाच ती घ्यायची असते, हेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती.

"तुझ्या आजीला हे कोणी सांगितलं नव्हतं रे," ती शेवटी म्हणाली.

पुढच्या फेरीला ताई आल्या तेव्हा आईने फोन केला. ताईंनी तिची उंची मोजली. आईने जेवण झालंय का, दुसरं काही औषध चालू आहे का, या प्रश्नांची उत्तरं दिली आणि माझ्यासमोर एकेक करून सगळ्या गोळ्या घेतल्या. त्या दिवशी एक तारीख होती. इकडे मी चिवड्याला त्याची दिली.