पेस्ट पुसण्याआधी

लिक्विड कूलर बसवूनही प्रोसेसर तापला, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: पेस्ट नीट लागली नाही, पुसून पुन्हा लावा. मग ठिपका बरा की फुली, यावर वाद रंगतो.

या मताला आधार आहे, तो आधी मान्य करू. कूलरचा तांब्याचा तळ आणि प्रोसेसरचे झाकण कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात. त्यांत अडकलेल्या हवेची उष्णतावाहकता जेमतेम ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन; चांगल्या पेस्टची त्याच्या शेकडो पट. पेस्ट हवीच.

पण तांब्याची वाहकता सुमारे ४०० आहे. त्यापुढे पेस्ट फारच कमी पडते, म्हणून तिचा थर जितका पातळ तितका चांगला. तो पातळ होतो दाबाने. दाब पुरेसा आणि चहूबाजूंनी सारखा असेल, तर ठिपका-फुलीतला फरक नगण्य उरतो. जादा पेस्ट कडेने बाहेर येते. दाबच नसेल, तर कितीही महाग पेस्ट आणली तरी व्यर्थ.

याचा दाखला २०२१ साली मिळाला. इंटेलच्या बाराव्या पिढीबरोबर एलजीए १७०० सॉकेट आले. स्क्रूच्या भोकांमधले अंतर ७५ मिलिमीटरवरून ७८ झाले आणि बसवलेल्या प्रोसेसरची उंचीही कमी झाली. जुने ब्रॅकेट ओढूनताणून बसवले, तरी तळ पुरेसा टेकण्याची खात्री राहिली नाही. तिथे नव्या मापाचे ब्रॅकेट आणि स्टँडऑफ हाच उपाय होता.

माझा खरा आक्षेप मात्र क्रमाला आहे. पेस्ट पुसली की पुरावाच पुसला जातो. कूलर उचलल्यावर पेस्टचा ठसा आधी वाचावा. एका कडेला जाड, दुसरीकडे जवळजवळ पारदर्शक थर असेल, तर स्क्रू तिरके आवळले गेलेत. ते समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे फिरवत आवळायला हवेत. ठसा सगळीकडे जाडच असेल, तर तळ टेकलेलाच नाही. आणि तळावरची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली असेल, तर तीही इथेच सापडते.

कूलर उचलण्याआधीही निदान करता येते. लोड देताच तापमान क्षणात टोकाला गेले आणि लोड काढताच झटकन उतरले, तर संशय दाबावर. काही न करताही ते चढतच राहिले, तर पंपावर: बायोसमध्ये त्याचा आरपीएम पाहावा, तो शून्य किंवा फारच कमी असेल तर पंपाची वायर आणि त्या हेडरची सेटिंग तपासावी. चांगले चालता चालता बऱ्याच वेळाने तापमान वाढले, तर रेडिएटर आणि पंख्यांकडे वळावे.

नुसता मोठा आकडा म्हणजे बिघाड, हेही खरे नाही. २०२२च्या रायझन ७००० मालिकेतले ७९५०एक्ससारखे प्रोसेसर पूर्ण लोडखाली ९५ अंशांपर्यंत जावेत, अशीच एएमडीची रचना आहे. तिथे क्लॉक पाहावा. तो मूळ वेगाच्याही खाली घसरत असेल तरच दोष शोधावा.

वर्षानुवर्षांनी वाळलेली पेस्ट जरूर बदलावी. पण नव्या जोडणीत ती पहिली आरोपी नव्हे. आधी तापमानाची चाल, मग पंप, मग दाब आणि ठसा. पुसण्याचे फडके सर्वांत शेवटी.